दुसरीची धडधड

यंत्राला खोटं बोलता येत नाही, हे वाक्य शर्वरी अंभोरेनं इतक्या जणींना ऐकवलं होतं की, ते तिच्याच डोक्यावर येऊन पडलं तेव्हा कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बियाणे कंपनीत ती उगवण तपासायची. कापसाचं, तुरीचं, ज्वारीचं बी ओल्या कागदात गुंडाळायचं, उबदार कपाटात उभं करायचं आणि ठरल्या दिवशी गुंडाळी उलगडून किती उगवलं, किती कुजलं ते सांगायचं, एवढं तिचं काम. बियाण्याचं एक बरं असतं. ते उगवतं किंवा उगवत नाही. उगवल्याचं सोंग करत नाही. माणसांच्या बाबतीतही आपली नजर अशीच पक्की आहे, असा शर्वरीचा समज होता. समजाला काही पैसे पडत नाहीत.

कंपनीनं सगळ्यांच्या मनगटाला पट्ट्या बांधल्या तेव्हा सगळ्याच बायका कुरकुरत होत्या. हजेरी त्याच पट्टीवर, दारं उघडायची तीही तिनंच, आणि वर आता म्हणे आपली भीतीही ती मोजणार. कंपनीनं तिचं नाव ठेवलं ‘अभय’. बायकांनी ठेवलं ‘राखी’. बांधली तीही उलटीच, भावानं बहिणीला, म्हणजे ओवाळणीचा प्रश्नच मिटला. वर्षा-दीड वर्षानं एकटी शर्वरी पट्टीची बाजू घेऊ लागली. त्याला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव टेकाळे.

विक्रांत टेकाळे प्रक्रिया विभागाचा प्रमुख. शर्वरीची बदली प्रयोगशाळेतून त्याच्या विभागाच्या नमुना खोलीत झाली, तेव्हापासून तो तिच्या मागे होता. मागे म्हणजे कसा, हे सांगायला गेलं की पंचाईत. त्यानं कधी हात लावला नाही. वावगा शब्द काढला नाही. ती शीतगृहात नमुने आणायला गेली की तो दारात येऊन उभा राहायचा, इतकाच की तिला बाहेर पडताना अंग चोरावं लागावं. तिच्या स्कूटरशेजारी त्याची गाडी असायची. तिनं चहाची वेळ बदलली की आठवड्याभरात त्याचीही बदलायची. आणि एकदा, भरल्या बैठकीत, कागद चाळता चाळता तो सहज म्हणाला, “तुमच्या गल्लीतला गुलमोहर पडला वाटतं, अंभोरेबाई.”

झाड आदल्या रात्री पडलं होतं. तो राहायचा गावाच्या दुसऱ्या टोकाला.

आता हे कुणाला सांगणार? दारात उभा राहिला म्हणावं, तर दार कशासाठी असतं. झाडाचं बोलला म्हणावं, तर झाडाचं बोलू नये असा कायदा नाही. पाठलागाची हीच खुबी असते: एकेक गोष्ट सुटी काढली की सांगणारीच हास्यास्पद दिसते. सगळ्या एका दोरीत ओवल्या तरच फास दिसतो, पण ती दोरी ओवायला सतत जागं राहणारं कुणीतरी लागतं.

पट्टी जागी राहायची. तिचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. निवांत माणसाच्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे पडत नाहीत; श्वास घेताना किंचित जवळ येतात, सोडताना किंचित लांबतात, जणू झोका चाललाय. भीती वाटली की झोका थांबतो, ठोके एकाच मापात धावू लागतात. त्याच वेळी कातडीला सूक्ष्म घाम सुटतो आणि रक्त आत ओढलं गेल्यानं मनगट गार पडतं. पट्टी ही तिन्ही लक्षणं टिपायची. एकीची भीती दुसरीच्या मापानं मोजता येत नाही, म्हणून आधी काही आठवडे ती त्या बाईचा नेहमीचा नूर शिकून घ्यायची. शिवाय जवळ कुणाची पट्टी आहे, हेही तिला कळायचं. एकच माणूस जवळ आला की झोका पुन्हा पुन्हा थांबतोय असं दिसलं, तर ती हलकेच थरथरायची आणि त्याचं नाव दाखवून विचारायची: तक्रार करायची आहे का? होय की नाही? ‘नाही’ म्हटलं तर नोंद कुलपात. तिची मालकीण ती बाई. तिच्या संमतीशिवाय ती साहेबांनाही उघडता येत नसे.

शर्वरीची पट्टी टेकाळेच्या नावानं थरथरली, तेव्हा तिला भीती वाटायच्या आधी हायसं वाटलं. आपल्याला वेड लागलेलं नाही, एवढं तरी ठरलं.

पण पट्टी कितीही जागी असली तरी बायका तिच्याहून जाग्या असतात. मनगटावरून काढली की ती बोंब मारायची. मात्र लगेच दुसरं उबदार मनगट मिळालं तर गप्प बसायची. हा शोध कुठल्या शास्त्रज्ञानं नव्हे, तर लेकराला शिकवणीवरून आणायची घाई असलेल्या एका आईनं लावला. मग रीतच पडली. जिला लवकर निघायचं असेल तिनं आपली पट्टी मैत्रिणीच्या दुसऱ्या मनगटावर चढवायची, हजेरी पूर्ण लागायची. त्याला त्या ‘पाळणा हलवणं’ म्हणायच्या. “आज माझा पाळणा हलवशील का गं?” एवढं विचारलं की पुरे. नाही म्हणणारी बाई प्रयोगशाळेत टिकली नसती.

शर्वरीच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता, आणि मंगळवारी नि शुक्रवारी संध्याकाळी तिला व्यायामाला न्यावं लागायचं. त्या दोन्ही दिवशी शर्वरीचा पाळणा हलवायची स्वप्नाली घुगे. स्वप्नाली प्रयोगशाळेत सगळ्यांत जुनी, म्हणून सगळ्यांची स्वप्नाताई. कुणाच्या डोहाळजेवणाला फुलांची वाडी तीच करायची, कुणाच्या सासूला समजावायला तीच जायची, आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय हे त्या दोघींच्या आधी तिला कळायचं. शर्वरीनं टेकाळेचं सगळं तिला सांगितलं होतं. तक्रार करणार आहे, हेही. जगात तिनं ते तिला एकटीलाच सांगितलं होतं.

“घाई करू नकोस,” स्वप्नाताई म्हणाली होती. “महिनाभर जाऊ दे. नोंद साठू दे. मग एकदम घाल घाव.”

शर्वरीला तो शहाणपणाचा सल्ला वाटला.

महिन्याभरानं तिनं ‘होय’ दाबलं. समिती बसली. कायद्यानं बाहेरची एक सदस्य लागते, म्हणून संभाजीनगरहून वकील शबाना तांबोळी आल्या. बाई बोलायला तुटक, पण ऐकायला पूर्ण. शर्वरीनं शीतगृहाचं दार सांगितलं, स्कूटर सांगितली, गुलमोहर सांगितला. तांबोळी मान डोलावत लिहून घेत होत्या. मग टेकाळेची पाळी आली. तो नम्रपणे म्हणाला की अंभोरेबाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. कामाची वेळ संपता संपता त्या स्वतःच उपाहारगृहात त्याच्यासमोर चहाला येऊन बसतात, गेला महिनाभर. पट्टीला विचारा.

पट्टीला विचारलं. पडद्यावर आलेख आला. टेकाळेची पट्टी आणि शर्वरीची पट्टी, मध्ये एका टेबलाचं अंतर. पट्टी शिकली होती त्या शर्वरीच्या नेहमीच्या नुरापेक्षाही ठोके संथ. भीतीचा मागमूस नाही. गावतळ्याच्या पाण्यावरही याहून जास्त तरंग असतील.

वार बघितले तर मंगळवार आणि शुक्रवार.

शर्वरीनं मनात वाक्यं जुळवून पाहिली. ती मी नव्हतेच म्हणावं, तर मग कुठे होतीस? आईला घेऊन दवाखान्यात होते म्हणावं, तर हजेरी कशी लागली? आणि पट्टी कुणाच्या हातात होती? एका वाक्यात तिची नोकरी जात होती, दुसऱ्या वाक्यात स्वप्नाताईची. तांबोळींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सुनावणी पुढे ढकलली. टेकाळे निघताना दारात उभा राहिला. तिला अंग चोरूनच बाहेर पडावं लागलं.

स्वप्नाताई प्रयोगशाळेत तुरीच्या गुंडाळ्या उलगडत होती. शर्वरी समोर येऊन उभी राहिली तरी तिनं मान वर केली नाही. शर्वरीनं आलेखाचं सांगितलं, आणि मनात आशा अशी, की ताई आता चकित होईल, काहीतरी घोटाळा झाला असं म्हणेल. घोटाळा झालेला असावा, अशी प्रार्थनाच ती करत होती म्हणा ना.

“तो म्हणाला, नुसता चहा घ्या,” स्वप्नाताई म्हणाली.

“माझी पट्टी घालून?”

“त्याला पाळण्याचं ठाऊक होतं, शर्वरी. सगळ्यांचंच. म्हणाला, साऱ्या प्रयोगशाळेला घरी बसवीन. मी काय करणार होते?”

“आणि घाबरली नाहीस? माझे ठोके इतके संथ कसे पडले?”

स्वप्नाताईनं हातातली गुंडाळी खाली ठेवली. मग सांगितलं. टेकाळेनं गोळी दिली होती. भाषणाआधी, परीक्षेआधी काही लोक घेतात ती, ठोके आवरून धरणारी. चहाच्या तासभर आधी घ्यायची.

म्हणजे धमकीनं घाबरून केलेली ती चूक नव्हती, गोळी घेऊन केलेलं काम होतं. आणि तक्रार होणार हे टेकाळेला महिनाभर आधी कळलं कसं, तेही आता विचारायची गरज उरली नाही. शर्वरीला रडू आलं नाही. तिच्या मनात आलं ते फार क्षुल्लक होतं: मागच्याच शुक्रवारी आपण हिला पट्टी देताना थँक्यू म्हणालो, आणि ही म्हणाली, वेडी आहेस का, आपल्यात काय थँक्यू.

“तू खरं सांग समितीला.”

“मला दोन लेकी आहेत,” स्वप्नाताई म्हणाली आणि पुन्हा तुरीचे कोंब वेगळे करू लागली.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या बायका शर्वरीच्या घरी आल्या. आईची विचारपूस झाली, चहा झाला, आणि मग सुरुवात झाली. एकीनं सांगितलं की तिचा नवरा वर्षभर घरी बसलाय. दुसरीनं सांगितलं की पाळण्याचं बाहेर आलं तर कुणीच वाचणार नाही. स्वप्नाताईनं किती जणींसाठी किती केलंय, हेही सांगून झालं. एकूण मुद्दा असा की टेकाळे शर्वरीच्या एकटीच्या मागे होता आणि पाळणा सगळ्यांचा होता. हिशेब चुकीचा नव्हता. त्यात फक्त शर्वरी एका बाजूला एकटी पडत होती. पुढच्या आठवड्यात तिनं बिनपगारी रजा टाकली.

रजेत तिनं तांबोळींना फोन करून सगळं सांगितलं, पाळण्यासकट. हजेरीच्या लबाडीची शिक्षा होईल, हे तांबोळींनी आधीच बजावलं. मग त्यांनी अडचण समजावली. शर्वरीच्या पट्टीवर दुसरीची धडधड मिसळली होती, म्हणून पट्टीनं शिकलेला तिचा नेहमीचा नूरच भेसळीचा ठरत होता. टेकाळेचा वकील तिची सगळी नोंद बाद करायला लावणार, तिची खरी भीतीसुद्धा. मात्र एक वाट होती. त्या संध्याकाळी स्वप्नालीच्या एका मनगटावर स्वतःची पट्टी होती आणि दुसऱ्यावर शर्वरीची. दोन माणसांचे ठोके सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कधीच जुळत नाहीत. एकाच हृदयाचे असतील तरच जुळतात. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की चहाला कोण बसलं होतं ते उघड होईल. आणि ती गोळी ठोके आवरते, मनगटाला ऊब देत नाही. शर्वरीचं मनगट शीतगृहाच्या कामानं मुळातच गार असायचं, म्हणून तिच्या मापात तो गारवा लपून गेला. स्वप्नालीच्या स्वतःच्या मापात तो लपणार नाही.

“पण तिची नोंद तिच्या सहीशिवाय उघडत नाही,” तांबोळी म्हणाल्या.

थोडक्यात, जिनं घर जाळलं तिच्याकडेच आता पाणी मागायला जायचं होतं. शर्वरी गेली नाही. गेली असती, तर काय म्हणाली असती हे तिला सुचलं नाही.

एका रविवारी सकाळी स्वप्नाताईच आली. हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा. आईच्या उशाशी बसली, तिचे पाय दाबले. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “कुठाय तो कागद? कर पुढं.”

शर्वरीनं कारण विचारलं. स्वप्नाताई म्हणाली की मन खातं गं, झोप लागत नाही. शर्वरी नुसती बघत राहिली. उगवण तपासून तपासून एवढं ती शिकली होती, की गुंडाळी वरून दाबून काही कळत नाही, थोडी वाट बघावी लागते.

“तू रजेवर गेलीस ना,” स्वप्नाताई अखेर म्हणाली, “तर तो परत माझ्या दारात उभा राहायला लागला.”

“परत?”

“तुझ्या आधी मीच होते की. वर्षभर. पट्टी थरथरायची, मी ‘नाही’ दाबायची.”

सही पश्चात्तापातून येत नव्हती, गरजेतून येत होती. शर्वरीला दोन्हींतला फरक कळला, आणि तरीही तिनं कागद पुढे केला. सही करून झाल्यावर स्वप्नाताईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तुझ्या मनात आता काही नाही ना, असं विचारलं. चहा उतू जाऊ नये म्हणून शर्वरीला त्याच वेळी गॅसकडे वळावं लागलं.

दुसऱ्या सुनावणीत दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, तर दोन रेषांची एकच रेघ झाली. मग स्वप्नालीची जुनी नोंद उघडली. त्यात वर्षभराची भीती होती, दिवसामागून दिवस, आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी एकच नाव. टेकाळेच्या वकिलानं खूप खटपट केली, पण दोन बायकांना एकच माणूस भिववतो याला गैरसमज म्हणता येत नाही. टेकाळेला काढलं. पुढे पोलिसांतही गेलं. शर्वरीची स्वतःची नोंद मात्र ‘भेसळीची, ग्राह्य नाही’ म्हणून अहवालाबाहेर राहिली. अहवालात पीडित म्हणून नाव लागलं ते स्वप्नाली घुगे यांचं. शर्वरीचं नाव एकाच ठिकाणी आलं: हजेरीतील गैरवर्तन, वेतनवाढ रोखली. बाकी बायकांचं कुणी उकरलं नाही, तांबोळींनी तेवढं जमवलं.

सामान घेऊन निघालेला टेकाळे तिला जिन्यात भेटला. ती भिंतीला लागली नाही. मधोमध उभी राहिली. पहिल्यांदाच त्याला अंग चोरून उतरावं लागलं. दोन पायऱ्या खाली जाऊन तो थांबला.

“तुम्हाला माझ्या विभागात मी मागितलं नव्हतं,” तो म्हणाला. “तुमचं नाव स्वप्नालीबाईंनी सुचवलं. म्हणाल्या, ही तरुण आहे, हुशार आहे, हिला घ्या.”

जन्मभर आडून बोललेला माणूस त्या दिवशी एक वाक्य सरळ बोलला, आणि तेही दुखवायलाच. शर्वरीनं त्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं. मग बदलीच्या दिवशीचे पेढे आठवले. ते कुणी वाटले होते, तेही आठवलं.

शर्वरीला परत प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे हळूहळू एक गोष्ट तयार झाली. कुणी रचली ते सांगता येत नाही. अशा गोष्टी आपोआपच मुरतात. गोष्ट अशी की स्वप्नाताईनं मुद्दामच शर्वरीची पट्टी घातली, टेकाळेच्या समोर जाऊन बसली, त्याला जाळ्यात ओढलं. वाघापुढे शेळी व्हायला काळीज लागतं, असं बायका म्हणू लागल्या. स्वप्नाताई आधी नाही गं, नाही गं म्हणायची. नंतर नुसती हसायची. वर्षअखेरीस कंपनीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार ठरला. धैर्याबद्दल. शाल-श्रीफळ शर्वरीच्या हस्ते द्यावं, ही सूचनाही प्रयोगशाळेतूनच आली, म्हणजे सगळं कसं गोड होईल.

नाही म्हणता आलं असतं. शर्वरी गेली.

व्यासपीठावर कापडी कमान होती, खाली खुर्च्यांवर दोन्ही पाळ्यांची माणसं. निवेदिकेनं दोघींना ‘सख्ख्या बहिणींहून सख्ख्या’ म्हटलं. टाळ्या झाल्या. शर्वरीनं नारळ दिला, शाल उलगडली आणि स्वप्नालीच्या खांद्यावर घातली. एक टोक घसरत होतं, ते नीट करायला ती पुढे झुकली. छायाचित्रात ते मिठी मारल्यासारखं आलं.

“माझं नाव त्याला तूच दिलंस,” ती कानाशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. किती कोंब कुजले ते सांगावं, तसा होता. “मला माहीत आहे. आणि मी इथून कुठेही जाणार नाही. रोज तुझ्या समोरच्या टेबलावर असेन.”

स्वप्नालीचं हसू जागचं हललं नाही. टाळ्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, पण शालीखाली तिच्या मनगटावरची पट्टी थरथरू लागली. तिनं खाली पाहिलं. पट्टीवर शर्वरी अंभोरेचं नाव होतं आणि त्याखाली नेहमीचे दोन शब्द, होय आणि नाही.

निवेदिका दोन शब्द बोलायची विनंती करत होती. स्वप्नालीचं बोट पट्टीपाशी जाऊन थांबलं. तिनं कुठलं दाबलं, ते बघायला शर्वरी थांबली नाही. पायऱ्या उतरून ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली, पहिल्या रांगेत, समोरच.